१८८२ च्या वादळात मुंबईत खरंच १ लाख माणसं गेली होती का? कोकण किनाऱ्यावरच्या आपत्तींचा इतिहास काय सांगतो

अरबी समुद्रात कुठेही कमी दाबाचा पट्टा तयार झाला की एक मेसेज हमखास फिरायला लागतो. '६ जून १८८२ रोजी मुंबईवर महाभयंकर चक्रीवादळ आदळलं होतं, त्यात १ लाखाहून जास्त लोक मेले होते, आता पुन्हा तसंच होणार.' निसर्ग चक्रीवादळाच्या वेळी हा मेसेज फिरला, तौक्तेच्या वेळीही फिरला. तुमच्या फॅमिली ग्रुपवरही कुणीतरी टाकला असेल.

मेसेजमध्ये तारीख आहे, आकडा आहे, शहराचं नाव आहे. त्यामुळे तो खरा वाटतो.

पण हे वादळ झालंच नव्हतं.

मजा म्हणजे जे झालंच नाही ते सगळ्यांना पाठ आहे आणि जे खरोखर झालं ते कोकणाबाहेर फारसं कुणाला आठवत नाही. म्हणूनच आज पालघर ते सिंधुदुर्ग या किनाऱ्यावर खरंच काय काय घडलं, का घडलं आणि पुढे काय वाढून ठेवलंय ते सोप्या भाषेत समजून घेऊ.

आधी १८८२ चं प्रकरण संपवू

१८८१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या होती सुमारे ७ लाख ७३ हजार. १ लाख माणसं गेली असती तर याचा अर्थ दर आठ माणसांमागे एक माणूस गेला असता. तेव्हाची मुंबई म्हणजे काही कोपऱ्यातलं गाव नव्हतं. शहरात इंग्रजी, मराठी, गुजराती वर्तमानपत्रं निघत होती. कुलाब्याच्या वेधशाळेत रोजच्या हवेच्या नोंदी होत होत्या. भारतीय हवामान विभागाची स्थापनाही १८७५ सालीच झाली होती. एवढा मोठा संहार झाला असता तर त्याची नोंद कुठेतरी सापडायलाच हवी.

कोलंबिया विद्यापीठातले हवामानशास्त्रज्ञ ॲडम सोबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईला असलेल्या चक्रीवादळाच्या धोक्यावर संशोधन केलं. ते २०१९ साली प्रसिद्ध झालं. त्यात त्यांनी १८८२ च्या वादळाचाही शोध घेतला आणि असं वादळ झालंच नाही, असा निष्कर्ष काढला. लेखक अमिताव घोष यांनीही 'द ग्रेट डिरेंजमेंट' या पुस्तकात मुंबईच्या वादळांबद्दल लिहिताना या विषयाला हात घातला आहे.

मग मुंबईला आणि कोकणाला धोका नाही असं समजायचं का?

अजिबात नाही. सोबेल यांचं संशोधन मुळात हेच सांगतं की मुंबईवर मोठं चक्रीवादळ येण्याची शक्यता कमी आहे, पण ती शून्य नाही. खोटी गोष्ट बाजूला ठेवली की खऱ्या गोष्टी नीट दिसायला लागतात.

मग खरी वादळं कोणती?

सगळ्यात जुन्या ठळक नोंदींपैकी एक आहे मे १६१८ ची. तेव्हा वसई आणि मुंबईच्या परिसरावर पोर्तुगीजांची सत्ता होती. त्यांच्या नोंदींमध्ये या वादळाचं वर्णन येतं.

नोव्हेंबर १८८८ मध्ये कच्छमधल्या मांडवीहून मुंबईकडे निघालेली 'वैतरणा' ही आगबोट सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात सापडली आणि गायब झाली. बोटीवर विजेचे दिवे होते म्हणून लोक तिला 'वीजळी' म्हणायचे. तिच्यावरचे शेकडो प्रवासी परत आले नाहीत आणि बोटही सापडली नाही.

स्वातंत्र्यानंतर सव्वा वर्षाने, नोव्हेंबर १९४८ मध्ये, मुंबईला चक्रीवादळाचा जोरदार तडाखा बसला.

त्यानंतर नाव घ्यावं लागतं फयानचं. ११ नोव्हेंबर २००९ ला हे वादळ अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान किनाऱ्यावर आलं. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातले मच्छीमार तेव्हा समुद्रात होते. पावसाळा संपून हंगाम ऐन भरात आलेला. अनेक बोटी बुडाल्या, अनेक जण बेपत्ता झाले. किनाऱ्यावरच्या गावांमध्ये आजही 'फयानच्या वर्षी' असं म्हटलं की लोकांना लगेच कळतं.

या यादीत एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. मे आणि नोव्हेंबर. ऐन पावसाळ्यातलं एकही वादळ नाही. हा योगायोग नाही.

पावसाळ्यात चक्रीवादळं का येत नाहीत?

चक्रीवादळ तयार व्हायला मुख्यतः दोन गोष्टी लागतात. एक, समुद्राचं पाणी साधारण २६.५ अंश सेल्सिअसच्या वर तापलेलं हवं. त्या पाण्याची वाफ वर जाते, वर गेल्यावर तिचं पाणी होताना उष्णता बाहेर पडते आणि तीच वादळाचं इंधन बनते. दोन, जमिनीलगतचे वारे आणि उंचावरचे वारे यांच्यात फार फरक नको. खालचा वारा एका दिशेला आणि वरचा जोरात दुसऱ्या दिशेला वाहत असेल तर वादळाचा खांब उभाच राहत नाही, मध्येच मोडतो.

नैऋत्य मोसमी पाऊस सुरू झाला की अरबी समुद्रावर नेमकं हेच होतं. खालून पश्चिमेकडचे जोरदार वारे आणि वर पूर्वेकडचे. म्हणून जून अखेर ते सप्टेंबर या काळात इथे चक्रीवादळं क्वचितच बनतात. पाऊस यायच्या आधी, म्हणजे मे आणि जूनचे पहिले दिवस, आणि पाऊस गेल्यावर ऑक्टोबर ते डिसेंबर हे वादळांचे दोन मोसम.

आता मच्छीमारांच्या बाजूने बघा. जून आणि जुलैमध्ये मासेमारीला बंदी असते. माशांची वीण वाढावी आणि खवळलेल्या समुद्रात कुणाचा जीव जाऊ नये, हे त्याचं कारण. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून बोटी पुन्हा पाण्यात उतरवायची जुनी रीत आहेच. म्हणजे पावसाळ्याच्या समुद्रापासून कसं सांभाळायचं ते या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. पण चक्रीवादळं येतात ती नेमकी बोटी समुद्रात असताना, हंगामाच्या सुरुवातीला नाहीतर शेवटी.

३ जून २०२० : बातमी मुंबईची, तडाखा श्रीवर्धनला

आता येऊ निसर्गवर. हे नाव बांगलादेशने सुचवलं होतं. २०२० साली १३ देशांनी मिळून वादळांच्या १६९ नावांची नवी यादी केली, तिच्यातलं हे पहिलं नाव.

१ जूनला समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तीव्र होत होतं. २ जूनला त्याचं चक्रीवादळ झालं आणि ३ जूनच्या दुपारी ते रायगडच्या किनाऱ्यावर आलं. म्हणजे सगळा खेळ अवघ्या तीन दिवसांचा. हवामान विभागाच्या अंदाजात वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर होता.

तेव्हा देशात लॉकडाऊन होता. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कोविड केंद्रातून रुग्णांना हलवावं लागलं. सगळ्या वाहिन्यांचे कॅमेरे मरिन ड्राइव्हवर होते. संध्याकाळपर्यंत 'मुंबई वाचली' अशी बातमी झाली आणि देशाने सुटकेचा निश्वास टाकला.

पण वादळ दिवेआगरच्या आसपास जमिनीवर आलं होतं. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड आणि शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यातले मंडणगड, दापोली हे तालुके अक्षरशः झोडपून निघाले.

असं का झालं? आपल्याकडे म्हणजे उत्तर गोलार्धात चक्रीवादळ घड्याळाच्या काट्यांच्या उलट्या दिशेने फिरतं. वादळ ज्या दिशेला चाललंय त्या दिशेला तोंड केलं तर उजव्या हाताला वाऱ्याचा वेग जास्त असतो, कारण तिथे फिरण्याचा वेग आणि पुढे सरकण्याचा वेग एकत्र होतात. डाव्या हाताला ते एकमेकांतून वजा होतात. निसर्ग ईशान्येकडे निघालं होतं. म्हणजे श्रीवर्धन, मंडणगड, दापोली उजव्या बाजूला आले आणि मुंबई डाव्या बाजूला. वादळाचा मार्ग थोडा उत्तरेला सरकला असता तर बातमी वेगळी असती.

मृतांचा आकडा मात्र कमी राहिला. दोन दिवस आधी इशारा मिळाला होता. किनाऱ्यावरच्या कच्च्या घरांमधून हजारो लोकांना शाळांमध्ये आणि पक्क्या इमारतींमध्ये हलवलं होतं. मच्छीमारांना समुद्रातून परत बोलावलं होतं. फयान आणि निसर्गमधला मोठा फरक हाच. ११ वर्षांत इशारा देण्याची आणि तो शेवटच्या माणसापर्यंत पोचवण्याची व्यवस्था सुधारली होती.

मग नुकसान कशाचं झालं?

एका सुपारीच्या झाडाची किंमत किती?

श्रीवर्धन भागातली सुपारी प्रसिद्ध आहे. 'श्रीवर्धनी रोठा' म्हणून ती बाजारात ओळखली जाते. इथल्या माणसाकडे मोठी शेती नसते. घरामागे पाच, दहा, वीस गुंठ्यांची वाडी असते. वर नारळ, त्याखाली सुपारी, सुपारीवर चढवलेले मिरीचे वेल, सावलीत जायफळ. एकाच जागेत अशी तीन-चार मजल्यांची पिकं. पोराची फी, लग्नकार्य, दवाखाना हे सगळं त्या वाडीवर चालतं. वाडी बघून पर्यटकांसाठी दोन खोल्या काढल्या जातात.

वादळात काही तासांत या वाड्या आडव्या झाल्या. घरावरचे पत्रे, कौलं उडाली. विजेचे खांब इतके पडले की कितीतरी गावांना आठवडेच्या आठवडे अंधारात काढावे लागले. वीज नाही म्हणून पंप नाही, पंप नाही म्हणून पाणी नाही, मोबाइलला नेटवर्क नाही. आणि पाऊस तर तोंडावर.

सरकारने फळबागांसाठी हेक्टरी ५० हजार रुपये मदत जाहीर केली. ऐकायला आकडा बरा वाटतो. पण १ हेक्टर म्हणजे साधारण १०० गुंठे. म्हणजे १ गुंठ्याला ५०० रुपये. ज्याची १० गुंठ्यांची वाडी त्याच्या हातात ५ हजार रुपये. आडवी पडलेली झाडं तोडून, ओंडके बाहेर काढून जागा साफ करायलाच याहून जास्त मजुरी लागते.

बागायतदारांनी आवाज उठवला. 'हेक्टरवर नको, झाडावर मोजा', ही त्यांची मागणी होती. नंतर झाडाप्रमाणे मदत देण्याचा निर्णय झाला. नारळाच्या झाडाला २५० रुपये आणि सुपारीच्या झाडाला ५० रुपये.

समजा एखाद्याची १०० सुपारीची आणि २० नारळाची झाडं गेली. सुपारीचे ५ हजार, नारळाचे ५ हजार. एकूण १० हजार रुपये. आधीपेक्षा बरं. पण सुपारीचं रोप लावल्यापासून फळ धरायला पाच-सहा वर्षं जातात, नारळालाही जवळपास तेवढीच किंवा जास्त. तोपर्यंत घर कशावर चालवायचं? आणि वरची सावली गेली की खालचं जायफळ उन्हाने करपतं, त्याचं काय? त्याला मोजायची पद्धत कुठल्याच सरकारी निकषात नीट बसत नाही.

आपत्तीत माणसं वाचली की आपण 'थोडक्यात निभावलं' म्हणतो. कोकणात गेल्या काही वर्षांत हेच होतंय. जीव वाचतो, पण जगण्याचं साधन जातं.

वर्षभरात, मे २०२१ मध्ये, तौक्ते आलं. ते महाराष्ट्रात जमिनीवर आलं नाही. किनाऱ्याला समांतर वर सरकत १७ मेच्या रात्री गुजरातमध्ये दीव-उनाजवळ धडकलं. पण जाता जाता सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगडमधल्या आंबा बागांना आणि घरांना दणका देऊन गेलं. निसर्गमध्ये पडलेलं घर ज्यांनी नुकतंच उभं केलं होतं, त्यांचे पत्रे पुन्हा उडाले.

याच वादळात मुंबईजवळच्या समुद्रातल्या तेलक्षेत्रात पी-३०५ ही बार्ज बुडाली. तिच्यावर २६१ जण होते. नौदल आणि तटरक्षक दलाने बहुतेकांना वाचवलं, तरी ७० हून अधिक जणांचा जीव गेला. वादळाचा इशारा आधीपासून होता. इशारा मिळणं आणि त्यावर निर्णय घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या घटनेने सगळ्यांना दाखवून दिलं.

धोका समुद्राकडूनच येतो असं नाही

कोकणात मोठी जीवितहानी बऱ्याचदा पाठीमागच्या डोंगरातून आली आहे.

कोकण म्हणजे एक अरुंद पट्टी. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला सह्याद्री. घाटावर पडलेला पाऊस तीव्र उतारावरून काही तासांत खाली येतो. नद्या लहान आणि वेगवान. त्या जिथे समुद्राला मिळतात तिथे खाड्या आहेत, आणि जुनी शहरं-बंदरं त्याच खाड्यांच्या तोंडाशी किंवा काठावर वसलेली आहेत.

२६ जुलै २००५ म्हटलं की आपल्याला मुंबई आठवते. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता, तर त्याच दिवशी कुलाब्याला फक्त ७३ मिलिमीटर. पण त्याच दोन दिवसांत रायगड जिल्ह्यातल्या महाड तालुक्यात जुई, दासगाव, कोंडिवते, रोहन या गावांवर दरडी कोसळल्या. रस्ते बंद, फोन बंद. मुंबईच्या बातम्यांमध्ये ही गावं मागे पडली. दासगाव हे सावित्रीच्या खाडीवरचं जुनं बंदर. तिथल्या लोकांना धोका पाण्याकडून अपेक्षित होता. तो आला मागच्या डोंगरातून.

१६ वर्षांनी, २२ जुलै २०२१ ला, पुन्हा तेच. घाटमाथ्यावर अतिवृष्टी झाली. महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला. वाशिष्ठीला पूर आला आणि चिपळूण बाजारपेठ पाण्याखाली गेली. त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली आणि ८० हून अधिक लोक गेले.

चिपळूणचा पूर समजून घ्यायचा तर एक शब्द महत्त्वाचा आहे, उधाण. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास सूर्य आणि चंद्र यांची ओढ एकाच रेषेत येते आणि भरतीचं पाणी नेहमीपेक्षा वर चढतं. त्याला उधाणाची भरती म्हणतात. २२ जुलैला गुरुपौर्णिमा अवघ्या दोन दिवसांवर होती. भरतीच्या वेळी खाडीचं पाणी वर चढलेलं असेल तर वरून येणाऱ्या पुराला समुद्रात उतरायला वाट राहत नाही. पाणी तुंबतं आणि शहरात पसरतं. म्हणून चिपळूण, महाडच्या जुन्या माणसांना 'किती पाऊस पडला' एवढं विचारून भागत नाही. ते 'भरती कधी आहे' हेही विचारतात.

याच उधाणाचा त्रास अलिबाग, पेण भागातल्या शेतकऱ्यांना वर्षानुवर्षं होतो. इथे खाडीलगतची जमीन मातीचे बांध घालून शेतीखाली आणलेली आहे. त्याला खारभूमी म्हणतात. बांधाला पाणी सोडायला-अडवायला उघाड्या असतात. मोठ्या उधाणात बांधाला खांड पडली की खारं पाणी भातशेतीत शिरतं. पीक तर जातंच, पण जमिनीतला खार जायला पुढचे काही पावसाळे लागतात. याची बातमी होत नाही, कारण कुणी मरत नाही आणि फोटोत नुसतं पाणीच दिसतं.

त्सुनामी अरबी समुद्रात येऊ शकते का?

आलेली आहे.

२८ नोव्हेंबर १९४५ ला पहाटे आताच्या पाकिस्तानातल्या मकरान किनाऱ्याजवळ समुद्राखाली ८ रिश्टरच्या आसपासचा भूकंप झाला. त्यातून उठलेल्या लाटा सकाळी आठच्या सुमारास मुंबईला पोचल्या. मुंबईत लाटेची उंची सुमारे २ मीटर होती आणि १५ जण वाहून गेल्याची नोंद आहे.

भूकंप आणि लाट यांच्यात चारेक तासांचं अंतर होतं. पण १९४५ साली ते सांगणार कोण? आज हैदराबादमधल्या 'इन्कॉइस' या संस्थेत त्सुनामीचा इशारा देणारं केंद्र आहे. २००४ च्या त्सुनामीनंतर, २००७ साली ते सुरू झालं. मकरानमध्ये पुन्हा भूकंप झाला तर त्या चार तासांचा उपयोग करता येईल. अट एकच, किनाऱ्यावरच्या माणसाला तो इशारा खरा वाटला पाहिजे. रोज खोटे मेसेज वाचून कंटाळलेला माणूस खऱ्या इशाऱ्याकडेही दुर्लक्ष करतो, हा त्या १८८२ च्या मेसेजचा खरा तोटा.

पुढे वादळं वाढणार आहेत का?

आधी अरबी समुद्र शांत समजला जायचा. बंगालच्या उपसागरात चारपट वादळं, इकडे एखादं, असं गणित शिकवलं जायचं. इकडची बरीच वादळं ओमान, येमेनकडे निघून जातात किंवा वळून गुजरातला जातात, म्हणून महाराष्ट्राचा किनारा बऱ्याचदा सुटतो.

पण हे गणित बदलतंय. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९८२ ते २०१९ या काळातल्या वादळांचा अभ्यास केला. रॉक्सी मॅथ्यू कोल हे त्यातले एक. त्यांच्या मांडणीनुसार या काळात अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली आणि अतितीव्र वादळांची संख्या १५० टक्क्यांनी. वादळं टिकण्याचा कालावधीही वाढला. कारण, समुद्राचं तापलेलं पाणी.

२०१९ या एकाच वर्षी अरबी समुद्रात वायू, हिक्का, क्यार, महा, पवन अशी पाच चक्रीवादळं झाली. २०२० ला निसर्ग, २०२१ ला तौक्ते. २०२३ च्या जूनमध्ये बिपरजॉय तर जवळपास १३ दिवस समुद्रात फिरत राहिलं आणि मग गुजरातमध्ये जखाऊजवळ जमिनीवर आलं.

याचा अर्थ दरवर्षी कोकणावर वादळ आदळेल असा नाही. वादळ किनाऱ्यापासून लांब असलं तरी मच्छीमाराला बोट बंदरात आणून बांधावी लागते. क्यार ऑक्टोबर २०१९ मध्ये दूर समुद्रात होतं, तरी ऐन दिवाळीत कोकणात पाऊस पडला आणि मासेमारी ठप्प झाली. हंगामातले असे आठ-दहा दिवस गेले की डिझेलचं कर्ज फिटत नाही. ही वादळं कुठल्याच आपत्तीच्या यादीत येत नाहीत.

मग करायचं काय?

ओडिशाचं उदाहरण नेहमी दिलं जातं, आणि ते योग्यच आहे. १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे जवळपास १० हजार माणसं गेली. त्यानंतर त्यांनी किनाऱ्यावर निवारा केंद्रं बांधली, गावागावांत स्वयंसेवक तयार केले. २०१३ च्या फायलिनमध्ये लाखो लोकांना आधीच हलवलं आणि मृतांचा आकडा काही डझनांवर आला.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरही निवारा केंद्रं आणि जमिनीखालून वीजवाहिन्या नेण्याची कामं राष्ट्रीय चक्रीवादळ धोका निवारण प्रकल्पात हाती घेतली गेली. निसर्ग आणि तौक्तेनंतर राज्य सरकारने कोकणासाठी वेगळा आपत्ती सौम्यीकरण प्रकल्पही आणला. या कामांचा वेग किती आहे, तुमच्या तालुक्यात नक्की काय झालंय, हा प्रश्न ग्रामपंचायतीपासून आमदारांपर्यंत विचारायलाच हवा. पुढच्या निसर्गमध्ये पुन्हा महिनाभर अंधार असणार की नाही, ते त्यावर ठरणार आहे.

दुसरा प्रश्न भरपाईच्या निकषांचा. गुंठ्यात जगणाऱ्या माणसाला हेक्टरात मोजून चालणार नाही, हे निसर्गने शिकवलं. ते निकष वादळ आल्यावर, आंदोलन झाल्यावर बदलण्यापेक्षा आधीच बदललेले बरे.

आणि आपल्या हातात असलेल्या गोष्टी:

- वादळाची बातमी हवामान विभागाच्या संकेतस्थळावर किंवा 'मौसम' ॲपवर बघा. 'सचेत' ॲपवर तुमच्या जिल्ह्याचे इशारे मराठीतही मिळतात.
- रंगांचा अर्थ लक्षात ठेवा. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा.
- वादळाचा डोळा वरून गेला तर वारा अचानक थांबतो. तेव्हा बाहेर पडू नका. थोड्या वेळाने उलट्या दिशेने तेवढाच जोरदार वारा येतो.
- डोंगराच्या पायथ्याशी राहत असाल तर जमिनीला पडलेल्या नव्या भेगा, कललेली झाडं किंवा खांब, झऱ्याचं अचानक गढूळ झालेलं पाणी या खुणा दिसताच घर सोडा. सकाळची वाट बघू नका.
- जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७ आणि समुद्रातल्या मदतीसाठी तटरक्षक दलाचा १५५४. हे दोन्ही नंबर आजच सेव्ह करा.

आणि पुढच्या वेळी तो १८८२ चा मेसेज आला तर फॉरवर्ड करण्याऐवजी त्याखाली एवढंच लिहा, 'हे झालं नव्हतं. पण २००९ ला फयान आणि २०२० ला निसर्ग झालं होतं. तेव्हा श्रीवर्धन, दापोलीत काय झालं ते विचारा.'

गावी कुणी मोठं माणूस असेल तर त्यांनाही विचारा. कुठल्या वर्षी पाणी कुठपर्यंत आलं होतं, कुठला कडा सरकला होता, कुठल्या बांधाला खांड पडली होती. या गोष्टी बहुतेक वेळा कागदावर नसतात. त्या लिहून ठेवल्या, गावच्या ग्रुपवर टाकल्या, तर नवीन घर कुठे बांधायचं आणि कुठे नाही हे ठरवताना त्या कामाला येतील.